निवटीचं अर्धं पान

इंदुमावशी माझ्याकडे इंग्रजी शिकायला आली तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. आणि तिची मुलगी जाऊन अडीच महिने झाले होते.

ती मुलगी म्हणजे किमया, माझी मैत्रीण. रोह्यात एकाच शाळेत आम्ही दोघी इंग्रजी शिकवायचो, आणि जवळच वरसेला, आम्ही दोघी राहायचो त्या माझ्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी वर्ग घ्यायचो. वर्गात सगळ्या वयाची माणसं. दहावीच्या मुली, दुकानदार, आणि पांडूसारखे कंपनीत कंत्राटावर जाणारे. पांडू नदीकाठच्या वाडीतला, चाळिशीचा. सुपरवायझर इंग्रजीत काय बोलतो ते कळावं एवढीच त्याची इच्छा होती.

बाजारातल्या पुस्तकांत बर्फ, बीव्हर आणि पांढरी अस्वलं. आमच्या माणसांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. किमया म्हणाली, आपण आपल्या जनावरांचं पुस्तक करू. जी पाहिली आहेत, ज्यांच्याबद्दल घरात ऐकलं आहे, त्यांची. एका जनावराला एक पान. डावीकडे लोक काय म्हणतात, उजवीकडे ते जनावर खरोखर काय करतं. वाक्यं छोटी, शब्द सोपे. तिनं स्पायरल घातलेली एक जाड वही आणली आणि वरच्या कोपऱ्यात स्केचपेननं चित्रं काढायला सुरुवात केली.

डावीकडचं सगळं तिला आईकडून मिळणार होतं.

इंदुमावशी पेणच्या खारेपाटातली, खाडीलगतच्या गावातली. लग्न होऊन आली ती मिठागरावरच. नवरा जनू आणि ती, दोघंही मीठ ओढायची. जनू गेला तेव्हा किमया सातवीत होती, थोरला प्रविण दहावीत. पुढे मिठागरं एकेक करून बंद पडली, बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं, तेव्हा मावशी जोह्याला गणपतीच्या कारखान्यात लागली. कच्च्या मूर्ती पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत करायच्या. दिवसभर पांढरी धूळ. पण तिच्या गप्पांत मिठागरच असायचं. टिटवी बांधावर कुठे अंडी घालते, खेकडे अवसेला कसे वागतात, बगळा कुणाच्या मागून चालतो. तीस वर्षं उन्हात वाकून काम करणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर जे होतं ते सगळं तिनं पाहिलं होतं, आणि सासूकडून, जावांकडून जे ऐकलं तेही लक्षात ठेवलं होतं. या दोन्हींत तिला फार फरक वाटत नसे.

किमया दर शनिवारी घरी जायची आणि भरलेली वही घेऊन रविवारी सकाळी वर्गाला हजर व्हायची. चार महिन्यांत दहा पानं झाली.

मग तो मे महिन्यातला रविवार आला. वर्गातल्या आठदहा जणांना घेऊन आम्ही मावशीच्या गावी गेलो. तिच्या तोंडून ऐकायचं, असं किमयाच्या मनात होतं. मावशीनं अंगण सारवलं होतं, जाड काठाचं हिरवं लुगडं नेसली होती. शेजारच्या बायकाही येऊन बसल्या. लेक शहरातली माणसं घेऊन आईचं ऐकायला येते, ही त्या आळीत मोठीच गोष्ट होती.

मावशीनं टिटवीपासून सुरुवात केली. "टिटवी रात्री पाठीवर निजते, पाय वर करून. आभाळ पडंल ना, म्हनून. पडलं तर पायांवर झेलायला."

किमयानं वर्गाकडे वळून विचारलं, "ट्रू ऑर नॉट ट्रू?"

सगळे एका सुरात ओरडले, "नॉट ट्रू."

हा आमचा नेहमीचा प्रकार. वर्गात भीड चेपावी म्हणून तिनं काढलेला खेळ. मावशीला ते माहीत नव्हतं. ती हसली आणि भारद्वाजावर आली. भारद्वाजाला संजीवनीची मुळी ठाऊक असते, त्याच्या घरट्यात ती सापडते.

"नॉट ट्रू."

मग पाल. आपण बोलत असताना पाल चुकचुकली तर ते बोलणं खरं होतं. "नॉट ट्रू." यावेळी मुलींना हसू आवरेना. पांडू तेवढा गप्प होता. मी हसले. हे मला इथे लिहायला हवं. किमयाही हसली. शेजारणींपैकी एकीनं तोंडाला पदर लावला.

मावशी उठली. "सरबत आनते," म्हणाली आणि आत गेली. कोकमाचं सरबत आलं, सगळे प्याले. किमया म्हणाली, "आई, आता निवटीची सांग. तुझी सगळ्यांत चांगली."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा बोटाएवढा मासा. पाण्याबाहेर येतो, पंखांवर सरपटतो, उड्या मारतो, आणि डोळे डोक्यावर बटणांसारखे लावलेले.

"ती मना आठवत नाय," मावशी म्हणाली.

"असं कसं? लहानपणी रोज सांगायचीस."

"नाय आठवत."

माणसं गाडीत बसल्यावर किमया परत आत गेली. मी दारातच होते. ती समजावत होती, "आई, हा शिकवायचा प्रकार आहे गं. पीपल से, म्हणजे लोक म्हणतात. आणि मग खरं काय ते."

"मी पीपल हाय का गो?" मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी तुझी आई हाय. चार बायांत माजं हसं केलंस. यापुढं मना काय विचारू नको."

किमयाला हट्ट आईचाच आला होता. त्यानंतर दोन महिने ती घरी गेली नाही. फोन प्रविणला करायची, आईची चौकशी करायची, फोन आईला दे म्हणायची नाही. मावशीही मागायची नाही.

जुलैत एका सकाळी ती छत्री घेऊन तयार दिसली. "आईकडे जाऊन येते. किती दिवस बसायचं असं."

बाहेर धो धो पाऊस होता. मी म्हटलं, उद्या जा. ती म्हणाली, उद्यापर्यंत धीर राहील की नाही कुणास ठाऊक, आज निघते. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं. गाडी थांबली. पलीकडे पेणची गाडी उभी आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ही पाण्यात उतरली. कमरेएवढं पाणी झाल्यावर लोकांनी तिला हाताला धरून मागे आणलं. संध्याकाळी ती चिंब भिजून वरसेला परतली. घोट्याला खरचटलं होतं. "पाणी उतरलं की जाते," म्हणाली.

आठव्या दिवशी ताप. साधा असेल असं तिला वाटलं, मलाही. घरी कळवू का विचारलं, तर म्हणाली, "आधीच रागावलेली आहे, त्यात हे कशाला? बरी झाले की स्वतःच जाईन." मी ऐकलं. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले तेव्हा मी प्रविणला फोन केला. डॉक्टरांनी लेप्टो म्हणून सांगितलं. पुराच्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून होतो. तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. मावशी पोचली तेव्हा किमयाच्या तोंडात नळी होती आणि डोळे मिटलेले. मावशी तिच्या पायाशी उभी राहिली. घोट्यावरच्या खपलीवरून बोट फिरवत राहिली. दोन दिवसांनी किमया गेली.

दवाखान्याच्या जिन्यात मावशीनं मला एकच विचारलं. "ती नागोठन्याला कशाला गेली व्हती?"

ती तुझ्याकडे येत होती, हे माझ्या ओठांवर आलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला ते बोलवेना. वाटलं, ही आयुष्यभर म्हणत राहील, माझ्याकडे येताना गेली, माझ्या रागानं गेली. मी म्हटलं, "शाळेचं काम होतं, मावशी."

तिनं मान हलवली.

ऑक्टोबरात ती वरसेला आली. पिशवीत, ओढणीत गुंडाळलेली, किमयाची वही. सामानाबरोबर मीच ती पाठवली होती, आणि पाठवण्याआधी उघडून पाहिली नव्हती.

"वाचून दाव," ती म्हणाली.

मी पानामागून पान वाचलं आणि मराठीत सांगत गेले. डावीकडचं ऐकताना ती मान हलवायची. उजवीकडचं ऐकताना हात मांडीवर ठेवून स्थिर बसायची. टिटवीच्या पानावर उजवीकडे होतं, टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, अंडी खड्यांसारखी दिसतात. दुपारच्या उन्हात ती पाण्यात जाते, पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी थंड राहतात. आणि खाली, माझ्या आईनं हे मिठागरावर पुष्कळदा पाहिलं आहे.

"हे तिनं खऱ्यात लिवलंय?" मावशीनं विचारलं.

"हो. उजवीकडे."

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

शेवटचं, अकरावं पान निवटीचं. वर चित्र, डोक्यावर डोळे असलेला हसरा मासा. डावी बाजू कोरी. उजवीकडे किमयानं कुठूनतरी वाचून लिहिलेली चार वाक्यं. नर चिखलात खोल बीळ करतो. मादी आत अंडी घालून निघून जाते. आतल्या पाण्यात हवा नसते, म्हणून नर वर येतो, तोंडात हवा भरतो, खाली नेऊन सोडतो. अंडी फुटेपर्यंत तो हे करत राहतो. त्याच्याखाली पेन्सिलीनं, इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून वळणदार लिहिलेल्या तीन ओळी.

मी त्या मनात वाचल्या आणि वही मिटली. "एवढंच आहे. हे पान अर्धंच राहिलं."

"खाली पेन्सिलीचं?"

"ते काही नाही. शब्दांची यादी."

"तू गाळलंस," मावशी म्हणाली.

"नाही गं मावशी."

"बाकी पानांवर एवढ्याशा लिवन्याला तू इतका वेळ बोलत व्हतीस. हितं तीन वळी, नि तू एका शब्दात मोकळी झालीस." तिनं वही माझ्या हातातून घेतली, ओढणीत गुंडाळली. "मग मना शिकव."

"काय?"

"हे वाचायला."

मी म्हटलं, प्रविणला थोडं इंग्रजी येतं, तो वाचेल. ती म्हणाली, प्रविण त्या वहीला हात लावत नाही, आणि दुसऱ्या कुणाला दिली तर तोही तुझ्यासारखा गाळील. सगळ्यांना माझी दया येते.

अशी ती वर्गात बसू लागली. रविवारी गावाजवळच्या हमरापूरहून पेण, पेणहून नागोठण्यावरून रोहा, दोन गाड्या बदलून. कारखान्यातून सुटी मिळाली तर बुधवारीही. पुढच्या रांगेत, पांडूच्या शेजारी. बोटांच्या रेघांत पांढरी पूड. टी हे अक्षर म्हणजे मीठ ओढायचं आडव्या फळीचं फावडं उलटं धरलेलं, असं तिनं स्वतःच ठरवलं. छापील अक्षरं तीन महिन्यांत आली. शब्द जुळवायला मात्र फार त्रास झाला. नो, म्हणजे माहीत असणं, या शब्दातला पहिला के पाहून ती अडली.

"हा हाय, नि बोलायचा नाय?"

"पूर्वी बोलायचे. आता नाही बोलत."

"मग काडून का नाय टाकला?"

"लिहिण्यात राहिला तसाच."

ती त्या अक्षराकडे पाहत राहिली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली.

वर्षभरानं तिनं टिटवीचं पान एकटीनं वाचलं, दीड तास लागला. त्या दिवशी वर्गात कुणी 'ट्रू ऑर नॉट ट्रू' खेळलं नाही. खरं तर किमया गेल्यावर तो खेळ मी बंदच केला होता. पण पान संपल्यावर पांडू हळूच म्हणाला, "मावशी, आमच्या वाडीत पाणमांजराचं सांगतात. मी सांगू?" आणि त्यानं सांगितलं, पाणमांजरं नदीत रांग धरून मासे हाकतात, आमचे बापजादे त्यांच्याकडूनच जाळं धरायला शिकले. मावशीनं विचारलं, "तू बघितलंयस रांग धरताना?" तो म्हणाला, "व्हय, दोनदा." "मग तेवडं उजवीकडं लिव," ती म्हणाली. "बापजाद्यांचं डावीकडं." बारावं पान त्या दोघांनी केलं.

मी तिला शिकवत होते आणि उशीरही करत होते. हे कबूल करते. वर्गाला वार शिकवायचे असले की मी तो धडा बुधवारी घ्यायचे, ती नसताना. वळणदार अक्षर तिला दाखवायचंच टाळलं. पेन्सिलीच्या ओळी पुसट होत चालल्या होत्या आणि मला, देवाशपथ, वाटायचं की त्या पुसून जाव्यात.

पण ती माझ्या भरवशावर राहिली नाही. वळणदार अक्षरं तिनं दहावीतल्या एका मुलीच्या वहीवरून गिरवून घेतली. आणि वार पांडूनं शिकवले. त्याच्या शिफ्टचा तक्ता इंग्रजीत असायचा. तो त्यानं तिच्यापुढे उलगडला आणि एकेक वार म्हणून घेतला. मला ते नंतर कळलं.

वीस महिन्यांनी, जूनमधला रविवार. वर्ग सुटला होता. पांडू आणि दोन मुली दारात चपला घालत होते. मावशी जागची उठली नाही. वही उघडली, निवटीचं पान काढलं, चष्मा पुसला आणि पेन्सिलीखाली बोट धरलं.

"माय. मदर. हॅज. स्टॉप्ड. टेलिंग. मी." ती थांबली. ओठ हलवत पुन्हा वाचलं. "माज्या आईनं मना सांगायचं बंद केलंय."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातातलं भांडं खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"आय. लाफ्ड. ॲट. हर. बिफोर. पीपल." ती म्हणाली, "मी लोकांपुढं तिला हसले."

तिसऱ्या ओळीवर तिनं बोट नेलं. "आय. विल. गो. होम. ऑन. थर्सडे. अँड. आस्क. हर."

पांडू दारातून म्हणाला, "वा मावशी, सगळं वाचलंत." मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि मुलींना घेऊन निघून गेला.

"थर्सडे म्हंजे गुरुवार ना?" तिनं मला विचारलं.

"हो."

"पूर आला तो गुरुवार व्हता. मी कारखान्यात व्हते. पानी भरंल म्हनून मूर्ती माळ्यावर चडवत व्हतो आमी."

तिनं पानावरचं बोट काढलं.

"तू मना बोललीस, शाळेचं काम व्हतं."

"मावशी, मला वाटलं..."

"तुला म्हाईत व्हतं."

"हो."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. वही मिटली, ओढणीत बांधली, चष्मा डबीत ठेवला. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला तर मी पुढे झाले, पण तिनं माझा हात बाजूला केला. गाडीला दीड तास होता. तरी ती गेली.

त्यानंतर ती वर्गाला आली नाही. एक रविवार, दोन, पाच. पांडू विचारायचा. फोन केला तर प्रविण म्हणायचा, बरी आहे, कामाला जाते, फोनवर यायला नाही म्हणते.

जुलैच्या शेवटी मी जोह्याला गेले. गणपती जवळ आले की तिथल्या कारखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. मावशी मागच्या शेडमध्ये, न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगेत बसली होती. मांडीवर एक छोटी मूर्ती घेऊन सोंडेच्या आतल्या बाजूला कागद फिरवत होती. मला पाहून तिनं बाजूची गोणी सरकवली. मी बसले.

खूप वेळ ती घासतच राहिली. मग म्हणाली, "तुला ठावं हाय, मी दोन वर्सं काय बोलले लोकांना? माजी पोर राग धरून गेली. आईचं तोंड बघायला नाय आली. शेजारनीला बोलले, प्रविनला बोलले. देवाम्होरं बसून तिला बोलले, इतका कसला गो तुजा राग."

तिनं मूर्तीवरची पूड फुंकली.

"आनि ती येत व्हती."

"तुला वाटेल तुझ्याकडे येताना तिचं असं झालं, म्हणून मी..."

"वाटतंच. रोज वाटतं. पाच हप्ते झोप नाय." तिनं कागद उलटा करून घेतला. "पन ते दुख माजं व्हतं. तू ते ठेवून घेतलंस, नि दुसरं मना दिलंस, खोटं. खोट्या दुखात मी माज्या पोरीला शिव्या घातल्या. आता त्या कुटं परत घेऊ?"

शेडच्या पुढच्या भागात कुणीतरी मोठ्यानं ट्रकवाल्याला हाक मारत होतं. मी माफी मागितली. ती ऐकल्यासारखी दिसली नाही. थोड्या वेळानं तिनं मूर्ती खाली ठेवली, हात झटकले आणि म्हणाली, "चल. ओहोटी असंल आता."

तिच्या गावाबाहेरच्या जुन्या बांधावर आम्ही गेलो तेव्हा पाऊस थांबला होता. पाणी खूप आत गेलेलं. चिखलावर शेकड्यांनी निवट्या. काही पंखांवर सरकत होत्या, काही एकमेकींवर पाठीचा पंख उभारून उड्या मारत होत्या. मावशी बांधावर उकिडवी बसली.

"वही नाय आनली मी. तू ध्यानात ठेव," म्हणाली. आणि सांगितलं.

निवटी ही दर्याची सून. तिचं माहेर डोंगराकडं, कोरड्यात. तिनं सासऱ्याला विचारलं, मी माहेरी जाऊ का? दर्या म्हणाला, जा, पन मी वळलो की तू वळायचं. म्हणून ओहोटी लागली की ती निघते. पाय नाहीत म्हणून सरपटत, उड्या मारत. अर्ध्या वाटेत पोचते न पोचते तोवर भरती येते. परत फिरावं लागतं. माहेर एका डोळ्यानं बघायचं, दर्या एका डोळ्यानं बघायचा, म्हणून डोळे डोक्यावर गेले. अजून एकदाही पोचली नाही. रोज दोनदा निघते.

"एवडीच हाय गोष्ट," ती म्हणाली. "पाच मिन्टं लागली आसती त्या दिवशी."

मग ती रडली. वाकून, कपाळ गुडघ्यांवर टेकून, आवाज न करता, बराच वेळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं काढला नाही, पण तिला तो जाणवला असं मला वाटलं नाही. पाणी परतू लागलं तेव्हा आम्ही उठलो.

वहीची पानं मी वर्गासाठी उतरवून ठेवली होती, त्यांत त्या रात्री निवटीच्या पानाची डावी बाजू इंग्रजीत लिहिली. साधी वाक्यं, किमया लिहायची तशी. पुढच्या रविवारी पांडूनं ती वर्गात वाचली. शेवटी एका नव्या मुलीनं विचारलं, हे खरं आहे की खोटं? पांडूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढचं पान काढा.

दिवाळीनंतर रोह्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातून पुस्तकाच्या चाळीस प्रती काढल्या. बारा पानं. पहिल्या पानावर किमयाचं नाव, त्याखाली इंदुबाईचं. एक प्रत घेऊन मी मावशीकडे गेले. तिनं आपलं नाव वाचलं, इंग्रजीत, न अडखळता. निवटीचं पान उघडून पाहिलं. पेन्सिलीच्या तीन ओळी मी छापल्या नव्हत्या.

"ह्यात नाय त्या," ती म्हणाली.

"घेतल्या नाहीत. त्या तुझ्या आहेत."

"बरं केलंस," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

ती आता वर्गाला येत नाही. जे वाचायचं होतं ते वाचून झालं, असं तिनं पांडूला सांगितलं. किमयाची वही तिच्या पत्र्याच्या पेटीत आहे. महिन्यातून एकदा मी जोह्याला जाते, तिच्या बाजूला गोणीवर बसते, कधी एखादी मूर्ती हातात घेऊन घासू लागते. ती माझ्या आईची तब्येत विचारते, माझ्या लग्नाचं विचारते. किमयाचा विषय निघत नाही. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही, आणि तिनंही सांगितलेलं नाही.